कागद कुठे आहे?

रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात एका शेतकऱ्याची मुलगी इतिहासात एम.ए. झाली. गुण चांगले पडले. तिने घरात सांगून टाकले, की मला पीएच.डी. करायची आहे. त्या दिवसापासून जो भेटेल तो तिला पीएच.डी.बद्दल चार गोष्टी ऐकवू लागला. गंमत अशी, की गावात पीएच.डी. झालेले कुणीच नव्हते. माहिती मात्र सगळ्यांकडे होती.

सेतू केंद्रावरचा पोरगा म्हणाला, "जेआरएफ नसल तर तिकडं पाहूच नोको. दारातच उभं नाई करत."

अकोल्याचा मावसभाऊ म्हणाला, "आधी एम.फिल. करा लागते. मंग पीएच.डी."

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सर म्हणाले, "दोन शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध जमाच करून घेत नाहीत."

मोठेबाबांनी तर निकालच लावला. "सहा वर्सं लागतेत म्हणे. मंग लगन कवा? अन् लगन झाल्यावर कोणाचं शिक्षण पुरं झालं? सोडूनच देशीन."

बाप मात्र काही बोलला नाही. तुरीचा भाव, सोसायटीचे कर्ज आणि धाकट्याची फी यांचा हिशेब त्याच्या डोक्यात चालला होता. शेवटी एवढेच म्हणाला, "पोरी, तू शिक. पण पैसा कुठून येईन, ते आधी पाय."

तिचा एक वर्गमित्र होता. मोडी झरझर वाचायचा. आजोबांच्या पेटीतल्या जुन्या पावत्या वाचून वाचून शिकलेला. एम.ए.ला मात्र त्याला बावन्नच टक्के पडले. "पंचावन पाहिजेत म्हणे," एवढे ऐकून त्याने नाद सोडला आणि वाशिमच्या बाजार समितीत एका अडत्याकडे वही लिहायला लागला.

मुलीने ऐकलेले सगळे एका वहीत उतरवले आणि ती वाशिमला गुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणजे हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. बालाजी मंदिराच्या बाजूच्या गल्लीत राहायचे. त्यांनी चष्मा लावून वही शेवटपर्यंत वाचली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "हे कुठे लिहिलं आहे?"

"सगळेच म्हणतात, गुरुजी."

"सगळेच म्हणतात, ही बखर झाली. कागद कुठे आहे?"

मुलगी गप्प. गुरुजींनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले, तिसऱ्यावर ठेवले. प्रत्येक वेळी तोच प्रश्न. मग वही मिटून म्हणाले, "आपण बसलो आहोत ते गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हे तुला ठाऊक आहे. पण आपल्या गावाची एक अख्खी राजशाखा विद्वानांच्या नजरेतून निसटली होती, ते ठाऊक आहे का?"

आणि त्यांनी सांगितले ते असे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने एक लेख कोरवला. पावसापाण्याने त्याची अक्षरे झिजली. एकोणिसाव्या शतकापासून मोठमोठे पंडित तो वाचत आले आणि जिथे अक्षर लागले नाही, तिथे अंदाज बांधत आले. वत्सगुल्मात वाकाटकांची वेगळी शाखा नांदत होती, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. मग १९३९ साली याच वाशिममध्ये ताम्रपट मिळाले. विंध्यशक्ती नावाच्या राजाने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दान दिलेले गाव नांदीकडात, म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूला. राजाने त्यात बापाचे नाव सांगितले सर्वसेन आणि आजाचे प्रवरसेन. वासुदेव विष्णु मिराशी तेव्हा नागपूरला संस्कृत शिकवत होते. त्यांनी पट वाचला, आणि तो वाचून ते पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले. तेव्हा त्या झिजलेल्या ओळींत सर्वसेनाचे नाव त्यांना लागले. पुढे १९६३ साली वाकाटकांच्या सगळ्या लेखांचा खंड त्यांच्याच संपादनाखाली निघाला.

"लेणं तेच होतं, ओळी त्याच होत्या," गुरुजी म्हणाले. "पण घरचा मूळ कागद हाती आला, आणि अंदाज खाली बसले. तू जुन्या काळाचं खरं-खोटं करायला निघालीस आणि स्वतःच्या पीएच.डी.चं खरं-खोटं सेतू केंद्रावर करतेस? जा. तुझ्या पदवीचाही ताम्रपट कुठेतरी असेल. तो घेऊन ये."

मुलगी गेली. चार-पाच दिवसांनी परत आली तेव्हा तिच्या हातात छापील पानांचे दोन गठ्ठे होते. एक, विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेले पीएच.डी.चे नियम. दुसरा, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे स्वतःचे नियम आणि जाहिरात. कारण वाशिम जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो. वहीची पाने तिने मधोमध रेघ मारून दुभागली होती. डाव्या बाजूला 'काय ऐकले', उजव्या बाजूला 'कुठे काय लिहिले आहे', आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने पान आणि कलम.

डावीकडे होते, जेआरएफशिवाय पीएच.डी. नाही. उजवीकडे तिने लिहिले होते, की जेआरएफ ही नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, म्हणजे पैशाची गोष्ट, प्रवेशाची नव्हे. प्रवेशाला नेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, चालते. पेटचा निम्मा पेपर संशोधन पद्धतीचा, निम्मा विषयाचा. निवडीत परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. २०२४ पासून तर नेटच्या निकालात 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' असा तिसरा गटही आला आहे. त्यातले गुण वर्षभर चालतात.

डावीकडे होते, आधी एम.फिल. उजवीकडे: एम.फिल. हा अभ्यासक्रम २०२२ च्या याच नियमांनी बंद केला.

डावीकडे होते, दोन शोधनिबंध. उजवीकडे: आधीच्या, २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध छापण्याची आणि दोन परिषदांत निबंध वाचण्याची अट होती. २०२२ मध्ये आयोगाने ती काढली. विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवली असेल तर ती विद्यापीठाच्या नियमांत बघायची.

डावीकडे होते, सहा वर्षे, आणि लग्न झाले की संपले. उजवीकडे: कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६, फेरनोंदणी केली तर आणखी २. बाईला याशिवाय २ वर्षांची सवलत. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

गुरुजी बराच वेळ उजवी बाजू वाचत राहिले. मग म्हणाले, "यातून तुला काय दिसलं?"

मुलगी म्हणाली, "गुरुजी, मला वाटलं होतं, की लोक खोटं सांगतात. पण तसं नाही. एम.फिल. खरंच होतं. शोधनिबंधाची अट खरंच होती. लोक खोटं नाही सांगत, शिळं सांगतात."

गुरुजी खूश झाले. "हेच. मूळ कागद बघायचा, आणि त्यावरची तारीखही बघायची. इतिहासाचा अर्धा अभ्यास इथेच झाला."

मग पैशाची गोष्ट निघाली. बापाचा प्रश्न मुलगी विसरली नव्हती. वहीचे पुढचे पान तिने त्यासाठीच ठेवले होते. नेटमध्ये जेआरएफ मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. घरभाडे आणि किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी. वयाची अट ३० वर्षांची. मुलींना आणि राखीव गटांना तीत ५ वर्षांची सूट. आईबापांची एकुलती एक मुलगी असेल तर आयोगाचीच सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. हिला धाकटा भाऊ असल्यामुळे ती गेली. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद खास इतिहासाच्या संशोधकांना फेलोशिप देते. रक्कम जेआरएफपेक्षा कमी, पण विषय आपला. राज्य सरकारच्या संस्था वेगळ्या: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन संस्था. त्यांच्या अधिछात्रवृत्तीला आधी पीएच.डी.ची नोंदणी पक्की लागते, आणि दरवर्षी जागा किती ते जाहिरातीत कळते. एका वेळी एकीकडूनच पैसे घेता येतात.

"आणि बदल्यात काय?" गुरुजींनी विचारले.

"पूर्णवेळ संशोधन करायचं, नोकरी करायची नाही, दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे काय काम झालं ते मांडायचं."

गुरुजी हसले. "म्हणजे वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाचीच रीत. त्याने अचलपूरच्या बाजूला चर्मांक, आजचं चम्मक, हे गाव हजार ब्राह्मणांना दिलं. ताम्रपटात अट घातली, की राजद्रोह कराल, चोरी कराल, दुसऱ्या गावांवर चालून जाल, तर दान काढून घेईन. देणारा अट घालतोच. घेणाऱ्याने ती आधी वाचावी, म्हणजे मग रडायची वेळ येत नाही."

त्या संध्याकाळी गुरुजींच्याच ओसरीवरून मुलीने वर्गमित्राला फोन लावला.

"तुले पंचावन लागतेत, हे कोण म्हणे?"

"सारेच म्हणतेत."

"तूनं वाचलं काय?"

"नाई व. वाचाचं काय त्यात?"

तिने त्याला कलम वाचून दाखवले. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, हे खरे. पण अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल यांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्याच्याकडे नॉन-क्रिमीलेअरचा दाखला होता. बावन्न टक्के म्हणजे दार उघडेच होते, आणि पहिल्या दिवसापासून उघडे होते. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "म्हंजे दोन वर्सं मी उगीच तुरीच्या पावत्या लेहल्या." अर्जाची मुदत त्या साली संपत आली होती आणि दाखल्याची तारीखही उलटून गेली होती. त्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागली.

मुलीने अर्ज भरला, परीक्षा दिली, ती पास झाली आणि मुलाखतीला अमरावतीला गेली. तिने विषय घेतला होता 'बासिम जिल्हा'. आज अनेकांना ठाऊकही नसते, की इंग्रजी अमलात वाशिम हे जिल्ह्याचे ठिकाण होते. वऱ्हाडचे तेव्हा सहा जिल्हे: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि बासिम. १९०५ साली फेररचना झाली. एलिचपूर अमरावतीत गेला, बासिमचे वाशिम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला गेला. तो मोडलेला जिल्हा पुन्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले. हे का झाले, आणि कलेक्टर उठून गेल्यावर इथल्या कोर्टकचेरीचे, बाजाराचे, शाळांचे काय झाले, हा तिचा प्रश्न.

समितीतल्या एका प्राध्यापकांनी तिच्या आराखड्यातले एक वाक्य वाचले आणि विचारले, "पाण्याच्या टंचाईमुळे कचेरी हलली, असं गावात सांगतात, असं तुम्ही लिहिलं आहे. कशावरून?"

मुलगी म्हणाली, "सर, हे माझ्या आजोबांचं म्हणणं. त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं. याचा कागद माझ्याकडे नाही. म्हणून 'सांगतात' असंच लिहिलं आहे. १९१० चं अकोला जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे, पण ती सरकारने आपल्या तोंडाने सांगितलेली बाजू झाली. १९०३ पर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली होतं, म्हणून तोवरचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा लागेल. त्यानंतर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, ते कागद नागपूरच्या अभिलेखागारात शोधेन. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ चा, तोही ताडून बघायचा आहे. कागदाने आजोबांना खरं ठरवलं, तर तसं लिहीन. खोटं ठरवलं, तर तेही लिहीन. आणि कागदच मिळाला नाही, तर मिळाला नाही, असं लिहीन."

प्राध्यापकांनी पुढे काही विचारले नाही. मुलीला प्रवेश मिळाला.

आता गोष्ट इथे संपवली, तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. पहिल्या वर्षी तिला एक पैसाही मिळाला नाही. नोंदणी झाली, कोर्सवर्क झाले. त्याला निदान १२ श्रेयांक लागतात आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात, तेही मिळाले. मग अधिछात्रवृत्तीची जाहिरात आली, अर्ज गेला, निवड झाली, आणि पैसे मात्र येईनात. बापाने भाव वाढण्याची वाट न बघता तूर विकली. मुलगी सकाळी वाशिमला शिकवण्या घ्यायची आणि दुपारी टिपणे काढायची. मोठेबाबा म्हणाले, "वाचला ना कागद? मंग कुठं हाय पैसा?"

मुलीने वही काढली. निवडीच्या पत्रात रक्कम कोणत्या तारखेपासून लागू, ते लिहिले होते. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल तिने वेळेवर दिला होता, त्याची पोच होती. घरभाड्याच्या पावत्या होत्या. ती एकटी नव्हती. अडकलेल्या आणखी मुलामुलींना तिने एकत्र केले, सगळ्यांनी मिळून अर्ज दिला आणि अर्जात भावनेचे एक वाक्य घातले नाही. कलम, तारीख, पोच, एवढेच. संबंधित कार्यालयाला उत्तर द्यावे लागले. पैसे उशिरा आले, पण मागच्या थकबाकीसह आले. ज्यांनी कागद सांभाळले नव्हते, त्यांना आणखी काही महिने खेटे घालावे लागले.

पहिली रक्कम हाती पडल्यावर मुलगी दिल्लीला गेली, अभिलेखागारात बसायला. बापाने विचारले, "तुह्या आजोबाची गोष्ट खरी निंगाली काय?" ती म्हणाली, "अजून नाई, बाबा. पायणं सुरू हाय."

वर्गमित्र पुढच्या वर्षी परीक्षा पास झाला. त्याला मोडी येत होती, म्हणून मार्गदर्शक मिळायला अडचण पडली नाही. तो आता वऱ्हाडातल्या जुन्या बाजारपेठांच्या वह्यांवर काम करतो. गेलेली दोन वर्षे मात्र त्याला कोणत्याही नियमाने परत मिळाली नाहीत.

गुरुजींकडे आजही मुले येतात. कुणी विचारते, गाईडला काय द्यावे लागते; कुणी विचारते, प्रबंध किती पानांचा लागतो; कुणी विचारते, यंदा फेलोशिप बंद झाली म्हणे, खरे का? गुरुजी उत्तर देत नाहीत. ते एवढेच सांगतात, की यंदाची जाहिरात छापून आण, वहीत मधोमध रेघ मार, आणि मग ये.

तात्पर्य : ऐकीव गोष्ट खोटीच असते असे नाही, पण ती कधीची आहे आणि कुणाच्या कामाची आहे, हे मूळ कागदच सांगतो. इतिहास लिहायचा असो की फॉर्म भरायचा असो, आधी कागद वाचावा, त्यावरची तारीख पाहावी, आणि आपल्या हातचा कागद जपून ठेवावा. ज्याला हे जमते, त्याची वाट कुणाच्या सांगण्यावरून बंद होत नाही.